स्कार्फची उलटी बाजू

मावशीने लंडनहून आणलेला रेशमी स्कार्फ. गर्द निळ्यावर पानंफुलं, त्यांत पक्ष्यांच्या जोड्या. काहींच्या चोचीत लालभडक स्ट्रॉबेरी. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसची १८८३ची नक्षी, 'स्ट्रॉबेरी थीफ'. मुळात ती सुती कापडावरची, पडद्यांसाठी.

पक्षी थ्रश, म्हणजे आपल्या कस्तुराचे भाऊबंद. मॉरिसच्या केल्म्स्कॉटच्या घराच्या बागेत ते जाळीखाली शिरून फळं पळवत. माळी चिडे, पण मॉरिस त्यांना हात लावू देत नसे. चोरांच्या छातीवरचे ठिपकेसुद्धा त्याने मायेने टिपलेत.

स्कार्फ उलटा केला तर निळा रंग फिका. मूळ कापडाचा निळा असा वरवरचा नाही. मॉरिसच्या मर्टन ॲबीच्या कारखान्यात आधी अख्खं कापड निळीच्या हौदात बुडवत, सुताच्या आतपर्यंत निळं करत. मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं द्रव्य छापायचं. पूर्ण उडाला तिथे पांढरं, अर्धवट उडाला तिथे आभाळी. त्यानंतर लाल, मग पिवळा. पिवळा निळ्यावर पडला की पानं हिरवी. मधूनमधून वँडल नदीच्या पाण्यात धुणं, गवतावर पसरणं. एका कापडाला दिवसचे दिवस लागत. म्हणजे पक्ष्यांभोवती निळा भरलेला नाही, निळ्यातून पक्षी बाहेर काढलेत! माझ्या स्कार्फवर पांढऱ्या रेशमावर निळा चढवलाय. सुंदरच आहे तो, पण हा फरक मला मोठा वाटतो.

नीळ शिकायला मॉरिस १८७५पासून लीक गावी टॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाई. कोपरापर्यंत हात निळे. नक्षी काढणाऱ्याला रंग स्वतःच्या हाताने कळला पाहिजे, ही हस्तकलेला मान देणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीची तळमळ मला तिथेच सगळ्यात खरी वाटते.

वॉर्डलचं दुसरं वेड हिंदुस्थानी टसर रेशीम. त्यावर रंग नीट चढत नसे. त्याने तो चढवून दाखवला आणि १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला. मॉरिसच्या काही नक्ष्या त्याने टसरवर छापल्याही. टसर म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा, ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या अळीचा. कोसा रेशमावर ही नक्षी एकदा बघायची आहे.

गळ्यात गाठ मारली की जोडीतला एकच पक्षी वर राहतो. मी गाठ थोडी सरकवते, दुसराही दिसावा म्हणून.