पोटाला पाणी लावून आलेली टिटवी

जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास कयाधूच्या पात्रात पालथं पडलं, की आधी स्वेटर ओला होतो आणि मग हळूहळू आपण पक्ष्यांच्या उंचीवर येतो. हिंगोली शहराच्या अंगाला, पुलापासून जरा पुढे, गावातला एक नाला नदीला मिळतो. माझी जागा तिथेच ठरलेली. वास येतोच. पण तिथला चिखल काळा, मऊ आणि अळ्यांनी भरलेला असतो, म्हणून शेकाटेही तिथेच उतरतात. खोल, निळ्या पाण्यात त्यांचं काही काम नाही. त्यांना लागतं वीतभर पाणी आणि खाली चिखल.

शेकाट्याचे पाय लेन्समधून पाहावेत. बोरूसारखे बारीक, गुलाबी-लाल. पाय पाण्याबाहेर येतो तेव्हा बोटं मिटतात, टोकावरून एक थेंब सुटतो आणि मग पाऊल जेमतेम तरंग उठवत पुन्हा पाण्यात जातं. मधे वाकतो तो आपल्याला गुडघा वाटतो. तो असतो घोटा. गुडघा वर, पिसांत दडलेला.

पहिल्या हिवाळ्यातले माझे जवळजवळ सगळे फोटो वाया गेले. काळंभोर पाणी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पक्ष्याचं पांढरं पोट नुसता चुन्याचा डाग होऊन बसतं. एक्सपोजर एक स्टॉप खाली आणलं, फोकस लाल डोळ्यावर धरला, तेव्हा कुठे पिसं दिसू लागली. शेजारी शेपटी हलवत फिरणारी ठिपकेवाली तुतारी मात्र दोन हिवाळे मला जमली नाही. सैबेरियाच्या बाजूच्या दलदलीत अंडी घालणारा हा पक्षी इथे कयाधूच्या गाळात चोच खुपसतो, हे दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

पण मला जे शिकायला मिळालं ते एप्रिलमध्ये.

पात्र आटून डबक्यांवर आलं होतं. खडीत टिटवीची चार अंडी सापडली. खड्यांच्याच रंगाची, टोकं आत करून मांडलेली. मी पंधरा फुटांवर बैठक मारली. टिटवी डबक्याकडे गेली, पाण्यात बसली, उठली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. पंख पसरलेली टिटवी, मागे तांबूस आभाळ नसलं तरी लख्ख ऊन. मी फोटो घेत राहिलो.

शेळ्या चारणारे एक मामा दरडीवरून पाहत होते. त्यांनी हाक मारली. "सर, उठा तिथून. ती पोटाला पानी लावून आलीय. अंडे भाजायलेत."

मी उठलो. शंभरेक पावलं लांब, त्यांच्याजवळ जाऊन बसलो. टिटवी खाली उतरली. चार पावलं पळायची, थांबायची, पुन्हा पळायची. अंड्यांपाशी तिनं अंग फुलवलं आणि ती बसली. लेन्समधून तिच्या पोटाची पिसं एकमेकांना चिकटलेली स्पष्ट दिसली. पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत याची नोंद आहे: तापलेली अंडी थंड ठेवायला टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते. मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी टिटवी वाचली होती.

"औंदा अंडे खालीच घातलेत," ते म्हणाले, "पानी कमीच व्हनार." टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जोरात, हा आपल्या मराठवाड्यातला जुना अंदाज. पावसाचं काय ते पाऊस जाणे. पण असा अंदाज बांधायला पिढ्यान्‌पिढ्या पात्रात लक्ष ठेवावं लागतं, आणि ते या माणसांनी ठेवलं आहे.

लांबून घेतलेल्या त्या फोटोत टिटवी नखाएवढी आहे. माझ्या सगळ्या फोटोंत मला तोच मोलाचा वाटतो.

हे सगळं उथळ काठावर चालतं. आता गावोगावी तलावांना आणि नद्यांना उभ्या दगडी भिंती बांधतात, वर फिरायला रस्ता करतात. संध्याकाळी माणसांना बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण भिंतीला लागून पाणी एकदम खोल होतं आणि शेकाट्याला पाय टेकायला जागा उरत नाही. पाणकावळे राहतात, चिखलात चालणारे निघून जातात. नाल्याचं सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडायला हवं, यात वाद नाही. उतार मात्र मोडू नये.

आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात लेकरांना घेऊन कयाधूच्या पुलावर या. दुर्बीण नसली तरी शेकाटे दिसतात. आणि तुमच्या गावच्या तलावाचा आराखडा जेव्हा मंजुरीला येईल, तेव्हा एवढं तरी मागून घ्या: एका बाजूचा काठ मातीचा, उताराचा, चिखलाचाच राहू द्या.