चिखलणी राहून गेली

कर्जतला दवाखाना सुरू केला तेव्हा मुंबईत शिकलेलं ताजं होतं. भाजलेल्या कातडीवर वारेच्या पातळ आवरणाची पट्टी किती काम करते, हे मी तिथे पाहिलं होतं. टाटा रुग्णालयाची ऊतकपेढी १९८८पासून अशी दान मिळालेली आवरणं गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून भाजलेली मुलं बरी केली, हेही ऐकलं होतं. चांगलं पांघरूण घातलं की जखम आपली आपण भरते, अशी माझी ठाम समजूत झाली.

मग एका जूनमध्ये खालापूर तालुक्यातले एक शेतकरी काका आले. मधुमेह जुना होता. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम. "दुखत नाय डॉक्टर," ते म्हणाले, आणि मलाही त्यात बरंच वाटलं. खरं तर तीच धोक्याची खूण होती. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं: संवेदना गेलेला पाय दुखत नाही, म्हणून माणूस त्यावर चालत राहतो आणि पाय झिजतो. मी हे वाचलं होतं, तरी समोरच्या पायात मला ते दिसलं नाही.

मी कोलॅजनची पट्टी लावली. कातडीचा सांगाडा ज्या प्रथिनाचा असतो त्याचीच ही जाळी. कडेच्या पेशी तिच्यात शिरतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि पट्टी विरत जाते तसं आपलं ऊतक तिथे येतं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर पट्टीच्या जागी पिवळट, चिकट लगदा. "अंगात मुरली," असं मी सांगितलं आणि दुसरी लावली. असं चार वेळा झालं. ती मुरत नव्हती. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेतली विकरं कोलॅजन खाऊन टाकत होती. मी कडेचा घट्टा तासला नव्हता, मेलेला भाग काढला नव्हता, सळई घालून हाड लागतं का तेही पाहिलं नव्हतं, आणि पायाची नाडीसुद्धा चाचपली नव्हती.

गुण येईना म्हणून वाढ-घटकाचं जेल लिहून दिलं. पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन त्यात असतं. अमेरिकेत अशा जेलला १९९७मध्ये मान्यता मिळाली. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. काकांकडे फ्रिज आहे का, हे मी विचारलं नाही. ट्यूब महिनाभर देवळीत, दिव्याशेजारी होती. तिच्यासाठी त्यांनी शेळी विकली होती.

याच काळात घरी भाताची आवणी चालू होती: आधी चिखलणी करून माती तयार करायची, मग रोपं लावायची. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून काका रोज चिखलात उभे राहत. "आराम करा" एवढंच मी सांगितलं होतं. आवणीच्या दिवसांत तो कोण करणार, हा विचार मी केला नाही.

एक चूक मला अजून झोपू देत नाही. काका माळकरी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हे कशाचं असतं?" मी म्हणालो, "औषधी कागद." ती पट्टी गाईगुरांच्या कातड्यापासून केलेली होती. माशापासून केलेलीही मिळते, पण तीही त्यांना चालली असती का, हे त्यांनीच ठरवायचं होतं. खूप उशिरा मी खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधी सांगायचं होतंत."

मुलाने मूलपेशींच्या इंजेक्शनचं विचारलं, तेव्हा मात्र मी सावध होतो. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांखेरीज असे उपचार फक्त मान्य चाचणीतच करता येतात. मी नाही म्हणालो. पण तोवर हाड सडलं होतं. मोठ्या रुग्णालयात अंगठा काढावा लागला. नंतर पायावरचा भार काढणारं प्लास्टर घातलं, आणि उरलेली जखम कोणत्याही महागड्या जाळीविना भरली.

माझ्या या सगळ्या चुका ऐकून काका म्हणाले, "चिखलणी केल्याबिगर आवणी केलीत डॉक्टर."

घरात मधुमेहाचं माणूस असेल तर रोज रात्री त्याचे तळवे पाहा. आणि कुणी जखमेवर पट्टी लावली तर विचारा: ही कशाची आहे, औषध कुठे ठेवायचं, आणि या पायावर चालायचं की नाही? डॉक्टर घाईत असले तरी विचारा.