हशा कोणाच्या नावावर?

शुभा खोटे यांच्याबद्दल माझं मत बरीच वर्षं ठरलेलं होतं. घर नटांचं. दुर्गा खोटे काकू, वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले नट, धाकटा भाऊ विजू. अशा घरात जन्मल्यावर सिनेमात कुठे ना कुठे वर्णी लागणारच, आणि ती लागली मेहमूदच्या शेजारी. तो धमाल करणार, धुमाळ डोळे वटारणार आणि या मधे उभ्या राहणार. हे मी चारचौघांत ठासून सांगत आलो, एकदोनदा छापूनही आलं. आज ते मत मागे घेतोय. सगळं नाही, पण बरंचसं.

घराण्याचा मुद्दा आधी संपवतो. मोठेपणी त्यांना हिंदीत पहिलं काम मिळालं ते ‘सीमा’मध्ये, १९५५ साली, आणि ते मिळालं सायकलमुळे. त्या सायकल शर्यतींतल्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. दिग्दर्शक अमिय चक्रवर्तींनी ते हेरलं आणि पडद्यावरही त्यांच्या हाती सायकल दिली. नूतनच्या चित्रपटात, आश्रमातल्या मुलींच्या घोळक्यात, एक नवखी पोरगी लक्षात राहून जाते, यात दुर्गाबाईंची चिठ्ठी कुठेच नव्हती.

घराण्याने दिलं ते वेगळंच. १९३२ साली दुर्गाबाई ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, तेव्हा सुखवस्तू घरातली बाई तोंडाला रंग लावते हीच मुळी खळबळजनक बातमी होती. तेवीस वर्षांनी पुतणी आली तोवर खोट्यांच्या घरात हा वाद शिळा झाला होता. त्यामुळे तिला आपण कुलीन आहोत हे पडद्यावर सिद्ध करत बसावं लागलं नाही. हसं करून घ्यायची मोकळीक तिला घरूनच मिळाली होती. त्या काळच्या किती नट्यांना ती होती?

मत बदललं ते मेहमूदमुळेच. त्याच्यावर लिहायचं म्हणून जुने चित्रपट ओळीने पाहायला घेतले: ‘छोटी बहन’, ‘ससुराल’, ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’. नजर त्याच्यावर ठेवायची ठरवली होती आणि ती सारखी बाजूला सरकत होती. मेहमूद एका वाक्यात मान, खांदे, भुवया, आवाज सगळं वापरतो. तो स्वतःही मुमताज अलींसारख्या नर्तकाचा मुलगा, अंग कसं फेकायचं हे रक्तातच. त्याचा हा दंगा चालू असताना शुभाबाई काय करतात? त्याच्याकडे पाहतात. इतकंच. पण त्या पाहण्यात हा माणूस आपला आहे याची खात्री असते, त्याच्या खुळेपणाची थोडी लाज असते आणि बाप कुठून उगवेल याची धास्ती. बाप म्हणजे धुमाळ. ‘लव्ह इन टोकियो’त मेहमूद गेइशाच्या वेशात या धुमाळांपुढे येतो, तो प्रसंग अंगावर येईल इतका भडक आहे. तरी आपण तो सहन करतो, नव्हे खिदळतो, कारण हा मुलगा ज्या मुलीसाठी ही सोंगं करतोय तिचं प्रेम खरं वाटलेलं असतं. ते खरं वाटायला लावणं हे मेहमूदचं काम नव्हतं. त्याला ते जमलंही नसतं.

नाटकवाल्यांना यात नवं काही नाही. फार्समध्ये एक जण मरणाचा गंभीर लागतो. समोरच्याने वाक्य नेमकं सोडलं नाही, अर्धा क्षण आधी हसू फुटलं, की पुढचा पंच गेलाच. मी एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून बसत आलोय. विनोदी अभिनयाचं बक्षीस देताना माझा हिशेब सरळ असे: ज्याच्या वाक्यावर प्रेक्षागृह हसलं त्याला गुण. वाक्य ज्याने झेलायला ठेवलं त्याच्यापुढचा रकाना कोरा. शुभाबाईंना मी तोच हिशेब लावला होता.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. हिंदी सिनेमात बाईच्या विनोदाला तेव्हा एकच रस्ता मोकळा होता, तो म्हणजे तिच्या शरीरावर हसणं. उमादेवी ही गुणी गायिका. तिची टुणटुण झाली आणि पुढची कित्येक वर्षं ती दारातून आत आली की लोक हसत. शुभा खोटे यांना कोणी असं हसलं नाही. त्या दिसायला नीटस, चालायला चपळ, बोलायला फटकळ. विनोद त्यांच्यावर होत नव्हता, त्यांच्यासोबत होत होता. हे कुठल्याही दिग्दर्शकाने ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या उभं राहण्यातच ती जरब होती.

त्यांची कदर झालीच नाही, असं मात्र नाही. १९६१च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत त्यांचं नाव दोनदा होतं, ‘घराना’साठी आणि ‘ससुराल’साठी. बाहुली मिळाली ‘छाया’तल्या निरुपा रॉयना. आईचे अश्रू पुढे असताना हसवणाऱ्या बाईने जिंकायचं म्हणजे जरा जास्तच मागणं झालं.

गंभीर राहून खेळण्याची ही ताकद विनोदापुरती नव्हती, हे दाखवणारे दोन चित्रपट आहेत आणि दोघांमध्ये चोवीस वर्षांचं अंतर आहे. ‘पेइंग गेस्ट’ १९५७चा. पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न करणारी आणि मग मैत्रिणीच्या नवऱ्यावर डोळा ठेवणारी चंचल त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर केली. मग १९८१चा ‘एक दूजे के लिए’. रती अग्निहोत्रीची आई. मुलीच्या प्रियकराचा फोटो ही बाई जाळते आणि मुलगी ती राख चहात ढवळून पिते. लोकांना मुलगी आठवते. मी आईकडे पाहत होतो. आरडाओरडा नाही, ऊर बडवणं नाही. मेहमूदच्या माकडचेष्टा जी नजर शांतपणे झेलायची तीच इथे गोठलेली. हीच बाई ‘लव्ह इन टोकियो’तली, हे कळायला मला चित्रपट थांबवावा लागला.

‘जबान संभाल के’ आठवतेय? १९९३ची, दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरची मालिका, भाषा शिकवणाऱ्या संस्थेची. वर्गात मास्तर पंकज कपूर, समोर देशोदेशीचे विद्यार्थी हिंदीची चाळण करताहेत, त्यात विजू खोटेही आहेत आणि शुभाबाईंची मुलगी भावना बलसावरही. एकाच मालिकेत तीन खोटे. दोघांना भरपूर हशे होते. शुभाबाई संस्थेच्या प्रमुख मिस दीक्षित; दार उघडून आत यायचं आणि मास्तरांना दरडावायचं. पुन्हा तेच काम, न हसणाऱ्याचं. पोटचं पोर आणि पाठचा भाऊ समोर टाळ्या घेत असताना तोंडावरची सुरकुती न हलू देणं, याला मी पूर्वी ‘नेहमीचीच भूमिका’ म्हणालो असतो.

माझं जुनं मत उरलंय ते इतकंच. मेहमूद मोठा होता, त्याच्या तोडीचा विनोदी नट त्या काळात दुसरा दिसत नाही. तो नंतरही खुलला, सोबत अरुणा इराणी आल्यावरही. पण बहुतेक पटकथांनी शुभाबाईंच्या वाट्याला उपकथानकच दिलं आणि अख्खा विनोदी चित्रपट त्यांच्या खांद्यावर उभा करायची हिंमत फारशी कोणी केली नाही. त्याबद्दल मला अजूनही राग आहे. फक्त तो आता त्यांच्यावर नाही.

पाहायचं असेल तर ‘लव्ह इन टोकियो’पासून सुरुवात करू नका. ‘देख कबीरा रोया’ पाहा, १९५७चा, पुन्हा अमिय चक्रवर्तींचाच. त्यात मेहमूद नाही, धुमाळांचा धाकही नाही. तीन नायिका आहेत आणि त्यांतल्या एक शुभा खोटे. मदनमोहनची गाणी आहेतच. ती संपल्यावर उठू नका.