राजधानी न झालेल्या शहरात पायी

मुंबईच्या फोर्टात पायी फिरायला वाटाड्या लागत नाही. हुतात्मा चौकातून निघा, काळा घोडा ओलांडा, गेट वेपाशी पोहोचा. वाटेतली दगडी इमारत न् इमारत आपला थाट दाखवायलाच उभी आहे. नवी मुंबईच्या उरणकडच्या टोकाला, द्रोणागिरीला लोकलमधून उतरलं, की मात्र समोर रुंद रस्ते, सेक्टरचे आकडे, उंच टॉवर आणि मध्येच गवत माजलेले प्लॉट. दूरवर कंटेनरची रांग. इथे पाहायचं काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

तसं पाहिलं तर या जागेचं नातं राजधानीशीच आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’च्या अंकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. राज्याचा कारभारही तिकडे न्यावा, हा तिचा गाभा होता. १९७० मध्ये हे शहर उभारायला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्या उठल्या. राजधानी आली नाही, तिचा बोजा आला. उरणच्या किनाऱ्यावर ओएनजीसीचा प्रकल्प आला, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं.

ज्या डोंगराचं नाव द्रोणागिरीच्या वसाहतीला मिळालं, त्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या भिंती आहेत. १७३९ मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. माथ्यावरून दिसणारं बंदर, खाडी आणि तेलाच्या टाक्या पाहिल्या, की पोर्तुगिजांनी हीच जागा का निवडली ते समजतं: येणाऱ्याजाणाऱ्या गलबतावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. पायथ्याच्या करंज्यात द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे आणि मासेमारीवर जगणारा कोळीवाडा. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली घारापुरीही याच उरण तालुक्यातली. पण बहुतेक पर्यटक तिला गाठतात गेट वेहून, उरणचं तोंडही न पाहता.

या शहराचं खरं स्मारक मात्र डोंगरावर नाही, जासईला आहे. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला, जमिनीला रास्त मोल मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जासईजवळच्या दास्तान फाट्याला आणि नवघरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. या लढ्याचं नेतृत्व शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं होतं. आज इथे घरोघरी ज्याला नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हणतात, तो संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून उभा राहिला. म्हणजे या टॉवरांखालच्या कित्येक प्लॉटचा सातबारा जासईच्या रस्त्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

हुतात्मा चौक फोर्टात अगदी मधोमध आहे. मुंबईसह महाराष्ट्रासाठी पडलेल्यांना तो मान मिळालाच पाहिजे. मुंबईचा भार हलका करायला ज्यांच्या शेतांवर शहर आखलं गेलं, त्यांच्यातले पाच जण मात्र नव्या शहराच्या नकाशात कडेला राहिले. राजधानीची स्मारकं सत्तेनं काय कमावलं ते सांगतात. इथली स्मारकं, कोणाकडून काय घेतलं, त्याचा हिशेब मांडतात. म्हणून इथली फेरी स्टेशनापासून सुरू करू नये. आधी जासई, मग नवघर, मग सेक्टर आणि शेवटी डोंगर. या क्रमानं चाललं, तरच रुंद रस्त्यांची किंमत कळते.