भरतीचा आंकडा

संगणकावरील खेळांविषयीं लिहावयास बसलेला इंग्रजीचा प्राध्यापक पाहून वाचकांस हंसूं येईल. त्यांनीं तें खुशाल येऊं द्यावें. शेक्सपिअर शिकविण्यांत ज्यांचीं तीस वर्षें गेलीं त्या आम्हांस या विषयाची गोडी लागली ती खेळांमुळें नव्हे, त्यांच्या पोटांत दडलेल्या आंकड्यांमुळें.

प्रत्येक खेळाच्या तळाशीं एक गेम इंजिन असतें. प्रकाश कसा पसरावा, सोडलेली वस्तु किती वेगानें पडावी, आवाज किती दुरून ऐकूं यावा हें सर्व तें ठरवितें, आणि त्यासाठीं त्याला शेंकडों आंकडे लागतात. हे आंकडे प्रोग्रामांत कायमचे गाडून टाकिले तर त्यांतील एक बदलावयासहि सगळी बांधणी पुन्हा करावी लागते. १९९६ सालीं निघालेल्या ‘क्वेक’ या खेळांतील तोड आम्हांस फार आवडली. खेळ चालू असतां एक कळ दाबावी, वरून एक पडदा खालीं उतरतो. त्यावर आंकड्याचें नांव लिहावें, पुढें नवी किंमत लिहावी, कीं खेळ तिच्याप्रमाणें वागूं लागतो. या पडद्याला कन्सोल म्हणतात आणि असल्या नांवाच्या आंकड्यांना कन्सोल व्हेरिएबल. आम्ही त्यांना चलराशि म्हणूं. गुरुत्वाकर्षणाची चलराशि तेथें मुळांत ८०० असते. ती १०० करा, कीं उडी मारलेला वीर सांवरीच्या कापसासारखा तरंगत खालीं येतो.

येथवर गंमत. खरें काम पुढें आहे, तें या चलराशींच्या सांभाळाचें. कोणीहि कोणताहि आंकडा केव्हांहि फिरवूं लागला तर खेळ राहतो कोठें? म्हणून १९९९ च्या ‘क्वेक ३’ मध्यें राशींवर खुणा केलेल्या आढळतात. एखादी केवळ वाचावयाची. एखादीचा बदल लागलीच न मानतां पुढील आरंभापर्यंत राखून ठेवावयाचा. एखादी फाइलींत उतरून ठेवावयाची, म्हणजे दुसऱ्या दिवशीं ती तशीच मिळते. आणि एखादी लबाडीची, म्हणजे लबाडीस रीतसर मुभा असल्याखेरीज हात लावूं न देणारी. (अशी मुभा मागणारे परीक्षार्थी आमच्या पाहण्यांत आहेत.) मूळ किंमतहि शेजारीं जपून ठेविलेली असते.

एपिक कंपनीचें ‘अनरिअल’ इंजिन याच्याहि पुढें गेलें. तेथें सध्यांची किंमत कोणीं घातली याचीहि नोंद राहते. सर्वांत खालीं कर्त्यानें लिहिलेली मूळ किंमत. तिच्यावर खेळणाऱ्यानें मेनूंत केलेली निवड. तिच्यावर प्रकल्पाच्या फाइलींतील हुकूम. आणि सर्वांच्या वर कन्सोलवर प्रत्यक्ष लिहिलेला शब्द. मधल्या कांहीं पायऱ्या आम्ही सोडून देतों. खालच्याचा हुकूम वरच्यावर चालत नाहीं. तहसीलदाराचा निकाल तलाठ्यानें फिरवावा असें आमच्या जिल्ह्यांतहि होत नाहीं.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर याच इंजिनांत एक लहानसा खेळ रचिला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळांत बांधावयास घेतलेला आणि पुढें आंग्र्यांनीं गाजविलेला हा किल्ला ओहोटीला पायीं गांठतां येतो. भरतीला भोंवतीं समुद्र. त्यामुळें खेळाचा जीव पाण्याची उंची या एकाच चलराशींत होता. मेनूंत तिथि निवडावी, तीवरून उधाण कीं भांग तें ठरावें, आणि त्या मानानें पाणी चढावें-उतरावें अशी योजना होती. तटाच्या पायथ्याचे दगड तपासतांना पाणी आड येई, म्हणून त्यानें प्रकल्पाच्या फाइलींत ती उंची शून्यावर खिळविली. काम संपलें, ती ओळ राहून गेली, आणि खेळ एका शाळेंतील मुलांपुढें गेला. मुलें तिथि निवडीत होतीं. पण मेनू खालच्या पायरीवर, फाइल वरच्या. इंजिन दर वेळीं निवड नाकारी, आणि नाकारल्याची तक्रार कोणी न उघडणाऱ्या नोंदवहींत लिहून ठेवी. पौर्णिमेच्या उधाणालाहि वाळू कोरडीच! तासाभरानें एका मुलानें मोठ्या आनंदानें सांगितलें, कीं किल्ल्यावर केव्हांहि चालत जातां येतें.

कोळ्याच्या घरचें मूल यावर हंसलें असतें. पण त्या वर्गांत किनाऱ्यावर नव्यानें राहावयास आलेल्यांचीं मुलें बरींच होतीं. भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. कालच्या घड्याळावर आज विसंबून किल्ल्यांत शिरलेला पाहुणा परततांना छातीभर पाण्यासमोर उभा राहतो. तेथें किंमत फिरवावयास कन्सोल नसतो.

विद्यार्थ्यानें रागाच्या भरांत सगळ्याच चलराशींना कुलूप घालावयाचें ठरविलें. तें आम्हांस पटलें नाहीं. पाणी हटवितां आलें म्हणून तर त्याला तटाचा पायथा नीट पाहतां आला. घात झाला तो हटविलेलें पाणी कोणाच्या दृष्टीस न पडल्यामुळें. आम्हीं त्याला गांवांतीलच चुंबकीय वेधशाळेची हकीकत सांगितली. विजेच्या ट्रामगाड्यांनीं मुंबईच्या कुलाब्यांतील चुंबकीय वेध बिघडतील म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस आणिलें. तथापि जागा बदलतांच जुनें दप्तर मिटलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं वेध घेतले गेले, म्हणून मुंबईची जुनी मालिका आणि येथील नवी एकमेकींस जोडतां येतात.

आतां त्याचा खेळ उघडतांच मूळ किमतीपासून ढळलेल्या राशींची यादी पडद्यावर येते: नांव, मूळ किंमत, चालू किंमत, आणि ती कोठून आली. बाहेर द्यावयाच्या प्रतींत अशी एकहि ओळ उरली असेल तर प्रत तयारच होत नाहीं. भरतीची उंची त्यानें चलराशींतून अजिबात काढून टाकिली. ती केवळ तिथि व वेळ यांवरून मोजली जाते. काळ भरभर पळविण्याची राशि मात्र मुलांसाठीं उघडी ठेविली आहे, म्हणजे सहा तासांचें पाणी सहा मिनिटांत चढतांना दिसतें. पावसाच्या दाटीविषयीं आमचें अद्याप जमलेलें नाहीं. ती फार वाढविली कीं किल्लाच दिसेनासा होतो, म्हणून तिला मर्यादा हवी असें तो म्हणतो. आषाढांत आमच्या किनाऱ्यावरून किल्ला दिसेनासा होतोच, असें आम्ही म्हणतों.