पेटीची किल्ली

किल्ल्या कोठें ठेवाव्या, या प्रश्नावर प्रत्येक कुटुंबांत दोन पक्ष असतात. एक पक्ष त्या दाराआडच्या खिळ्यावर टांगतो. दुसरा त्या इतक्या जपून ठेवतो कीं, पुढें त्या जपणारालाही सांपडत नाहींत. संगणक घरांत आला म्हणून हा वाद मिटला, असें मात्र झालेलें नाहीं.

धानोऱ्याच्या आसपास वृद्ध गोंडी माणसांनीं सांगितलेलीं झाडांचीं, नाल्यांचीं व शिवेचीं नांवें आम्ही गेलीं कित्येक वर्षें ध्वनिमुद्रित करीत आलों आहों. सांगणारांपैकीं कांहीं आज हयात नाहींत. ही केवळ हौस नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनीं वडीलधाऱ्यांचें लिहून घेतलेलें कथनही पुरावा म्हणून मानलें आहे. आणि याच तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तोंडचा शब्द येथें सात-बाऱ्याच्या शेजारीं बसूं शकतो.

या ठेव्याच्या प्रती काढण्यास आम्ही 'बोर्ग' हें साधन वापरतों. त्यांत चित्रें नाहींत, बटणें नाहींत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते. परंतु बदललेला तेवढाच भाग तें पुढें धाडतें, म्हणून इकडील अशक्त इंटरनेटला तें झेपतें. शिवाय सर्व मजकूर कुलूपबंद ठेवतें.

त्याचे फोल्डर लावतांना आम्ही स्वयंपाकघराचा न्याय लावला. 'कॅश' फोल्डरांतील माल ताकासारखा. आज संपला, उद्यां पुन्हां घुसळतां येतो. काय घ्यावें, काय वगळावें, जुन्या प्रती किती राखाव्या, या सूचना 'बोर्गमॅटिक'च्या फोल्डरांत आहेत. ध्वनिमुद्रणांची फाइल निराळी, घरच्या कागदांची निराळी. त्या हरवल्या तर एक रविवार जाईल. तिसरी वस्तु किल्ली. आम्हीं निवडलेल्या पद्धतींत ती 'कॉन्फिग' फोल्डरांत, आंतल्या आंत, एका लहानशा फाइलींत असते. ती गेली कीं सर्व प्रती जागच्या जागीं असून मुक्या! आणि गंमत अशी कीं, घरच्या फोल्डरांची प्रत काढतांना हिचीही प्रत त्याच कुलूपबंद पेटींत जाऊन बसते.

सुदैवानें ही किल्ली कागदावर छापण्याची आज्ञा बोर्गमध्येंच आहे. तो कागद नागपुरास आमच्या भगिनींकडे आहे. परवलीचा शब्द त्यावर नाहीं. तो आमच्या सौभाग्यवतींस पाठ आहे. पेटी उघडण्याची रीत मात्र कागदाच्या पाठीवर सोप्या मराठींत लिहिली आहे. कारण उद्यां ती उघडण्याची गरज पडेल ती आम्हांस नव्हे, एखाद्या ग्रामसभेस.