उरलेल्या आठ कला

पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण ३० कलांची जागा व्यापतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. त्या चंद्रबिंबाचा चतकोर मनाने कापून घ्यावा, तर भरतात सात-आठ कला. एवढ्याशा अंतरावर माणसाची दोन हजार वर्षांची एक श्रद्धा मोडून पडली; आणि ज्याच्या हातून ती मोडली, तो त्याच श्रद्धेत वाढलेला होता. विज्ञान कसं चालतं, असं कुणी विचारलं की मला सर्वांत आधी या आठ कला आठवतात.

डेन्मार्कच्या राजाने १५७६ साली टायको ब्राहीला ह्वेन नावाचं बेट दिलं. दुर्बीण अजून यायची होती. टायकोने तिथे मोठमोठी यंत्रं उभारली, भिंतीत पितळी वृत्तपाद बसवला आणि सुमारे वीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी ग्रहतारे मोजले. त्याच्या चांगल्या नोंदींत चूक असे ती एक-दोन कलांची. १६०० साली योहानेस केप्लर प्रागजवळ त्याच्याकडे आला. बालपणीच्या देवींनी केप्लरची नजर अधू केली होती. आकाश त्याला नीट दिसत नव्हतं, पण आकड्यांतून ते वाचण्याची विलक्षण शक्ती त्याच्यापाशी होती. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि मंगळाच्या नोंदी केप्लरकडे आल्या.

ग्रह वर्तुळातच फिरणार, हे तेव्हा जवळजवळ सिद्ध करण्याच्या पलीकडचं होतं. वर्तुळ निर्दोष, आकाशही निर्दोष. केप्लरने वर्तुळ धरूनच गणित मांडलं. तीच आकडेमोड किमान सत्तर वेळा करावी लागली, असं तो स्वतः सांगतो. अखेर मंगळाची दिशा दोन कलांच्या आत जुळली. दुसरा कुणी इथे थांबला असता, आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती. केप्लरने मात्र आपल्या उत्तराला आणखी एक प्रश्न विचारला: अंतरंही जुळतात का? ती जुळेनात. ती जुळवायला जावं, तर काही ठिकाणी दिशा चुके. आठ कलांनी.

एका पैचा हिशेब लागेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसलेले एकनाथ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. केप्लरचं जागणं त्याच जातीचं. फक्त त्याची अडचण अधिक खोल होती: वही बरोबर होती, बेरीज बरोबर होती, चुकलं होतं ते विश्वाच्या आकाराबद्दलचं गृहीत. टॉलेमीच्या काळी दहा कलांपर्यंतची चूक चालून जाई. तेवढ्या जाड मापाने मोजलं असतं, तर या आठ कला दिसल्याही नसत्या. टायकोसारखा निरीक्षक मिळाल्यावर त्यांच्याकडे डोळेझाक करता येणार नाही, असं केप्लरने लिहिलं. या आठ कलांनीच साऱ्या ज्योतिषाच्या सुधारणेची वाट दाखवली, असंही. आधी त्याने वर्तुळ सोडलं, मग अंडाकृती करून पाहिली, तीही टाकली आणि शेवटी लंबवर्तुळापाशी तो पोचला. १६०९ साली त्याचा ग्रंथ छापून आला. त्यात चुकलेल्या वाटाही सविस्तर लिहिलेल्या आहेत.

मला या कथेत सर्वांत मोठी वाटते ती निष्ठेची अदलाबदल. आपल्या कल्पनेवर माणसाचं प्रेम असतंच. त्या प्रेमाशिवाय इतकी वर्षं कुणी आकडे घासणार नाही. पण निर्णय करण्याचा अधिकार त्या प्रेमाला द्यायचा नाही, तो मोजमापाला द्यायचा, हे केप्लरने स्वतःवर लादून घेतलं. वैज्ञानिक पद्धतीचं हे मर्म आहे. अंदाज बांधायचा, त्यातून काय दिसायला हवं ते काढायचं, आणि जे दिसलं त्याच्यापुढे मान तुकवायची.

उरलेला फरक पुढे कुठे नेईल, हे मात्र आधी कळत नाही. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा ल व्हेरिएने एका अज्ञात ग्रहाची जागा काढून दिली आणि १८४६ साली नेपच्यून तिथेच सापडला. बुधाच्या कक्षेतही असाच फरक उरत होता, शंभर वर्षांत जेमतेम ४३ विकला, म्हणजे एका कलेहूनही कमी. ल व्हेरिएने इथेही नवा ग्रह सुचवला. खूप शोधूनही तो मिळाला नाही. या वेळी बदलावा लागला तो न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम. १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तातून नेमक्या ४३ विकला बाहेर पडल्या. एकाच माणसाने एकच युक्ती दोनदा वापरली. एकदा आकाशाने होकार दिला, एकदा नकार. दोन्ही उत्तरं तितक्याच मोलाची ठरली.

केप्लरच्या शंभर वर्षं आधी कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ आकाशाशी ग्रंथ ताडून पाहत होते. कुठला ग्रह कुठल्या सिद्धान्ताने जुळतो आणि कुठला चुकतो, हे त्यांनी नोंदवलं. आणि पुढेही फरक पडत जाईल, तेव्हाच्या गणकांनी प्रत्यक्ष पाहून गणित सुधारावं, असं लिहून ठेवलं. कोकणातल्याच दुसऱ्या, दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त केशवांचं हे म्हणणं आपल्यापर्यंत पोचवलं. केशवांचे पुत्र गणेश यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्यातलं गणित इतकं सुटसुटीत की पिढ्यान्‌पिढ्या पंचांगं त्यावरून निघाली. हळूहळू ग्रंथ राहिला आणि आकाशाकडे पाहणं सुटलं. पंचांगातले ग्रह आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह पुन्हा दुरावले. अखेर १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांचं आकाशाशी जुळणारं पंचांग निघू लागलं. ते स्वीकारायला लोक सहजी तयार झाले नाहीत.

म्हणून मला वाटतं, ही पद्धत एकदा शोधून कायमची मिळत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने आचरावी लागते, अगदी थोर ग्रंथ हाताशी असतानाही; किंबहुना तेव्हाच अधिक. केशवांना केप्लरप्रमाणे ग्रहगतीचं कारण शोधायचं नव्हतं, त्यांचा प्रश्न वेगळा होता. पण आपलं उत्तर उद्या अपुरं पडेल, हे ओळखून त्यांनी ते दुरुस्त करण्याचा हक्क न जन्मलेल्यांच्या हाती आधीच देऊन टाकला. ज्ञान पुढे देण्याची याहून उदार रीत मला ठाऊक नाही. आपणही मुलांना उत्तरं शिकवतो, तेव्हा प्रत्येक उत्तराशेजारी त्यात न बसलेलं काय उरलं आहे, तेही सांगायला हवं. त्यांच्या वाट्याचं काम तिथून सुरू होतं.